डिस्क वाकलेली नसते

खंडाळ्याचा घाट उतरून सपाटीला लागलो, ताशी नव्वदला ब्रेकवर पाय ठेवला आणि स्टेअरिंग हातात थरथरायला लागलं. वेग साठच्या खाली आला तशी थरथर विरली. गॅरेजमध्ये एका वाक्यात निदान झालं, "डिस्क बेंड झालीय, बदलावी लागेल." डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी तबकड्या, बदलल्या; त्यांना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे पॅडही नवे घातले. सात हजार किलोमीटर झाले आणि तीच थरथर परत आली. नवी डिस्क इतक्या लवकर वाकते कशी, या प्रश्नाने मला या विषयात ओढलं.

उत्तर असं, की डिस्क बहुतेक वेळा वाकलेलीच नसते. तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते, एवढंच. आणि हा फरक किती, तर मिलिमीटरचा शंभरावा-पन्नासावा भाग. आपला केस साधारण 0.07 मिलिमीटर जाड असतो. डिस्कच्या जाडीत 0.015 मिलिमीटरचा, म्हणजे केसाच्या पाचव्या हिश्शाइतका फरक पडला तरी तो हाताला जाणवू शकतो.

एवढासा फरक जाणवतो, याचं कारण ब्रेक ऑइल. ते दाबून आकसत नाही. डिस्कचा जाड भाग पॅडमधून जाताना पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकलला जातो, ऑइलचा दाब वाढतो आणि ब्रेक क्षणभर जास्त धरतो. पातळ भाग आला की पकड सैल होते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला हेच घडतं, आणि दाबाची ही चढउतार ऑइलमधून उलट पायापर्यंत पोचते, म्हणून पेडलही हलतं.

मग ठरावीक वेगालाच का? छोट्या गाडीच्या चाकाचा घेर दोन मीटरच्या आत-बाहेर असतो. ताशी 90 म्हणजे सेकंदाला 25 मीटर. म्हणजे चाकाचे सेकंदाला सुमारे तेरा फेरे आणि तितकेच झटके. पुढचं सस्पेन्शन आणि स्टेअरिंग यांची स्वतःची थरथरण्याची लय याच्याच आसपास असते. झोपाळ्याला नेमक्या क्षणी हलकासा हात लावला तरी झोका उंच जातो, तसंच हे आहे. वेग कमी झाला की ताल चुकतो आणि थरथर विरते. दोष मात्र तिथेच असतो.

जाडीत फरक पडण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली उष्णतेची. हजार किलोची गाडी ताशी 100 वरून थांबवताना सुमारे 3.9 लाख ज्यूल ऊर्जा काढून घ्यावी लागते. लोणावळ्याहून खोपोलीच्या पातळीपर्यंत साडेपाचशे मीटर उतरताना तीच गाडी जवळपास 54 लाख ज्यूल सोडते, म्हणजे शंभरवरून चौदा वेळा थांबल्याइतकी. यातली काही हवेत आणि इंजिनात जिरते. पण गिअर वरचाच ठेवून सगळा घाट ब्रेकवर उतरला, तर बाकीची सगळी डिस्कमध्ये जाते. अशा तापलेल्या डिस्कनिशी घाटाखालच्या रांगेत पाय ब्रेकवर दाबून उभं राहिलं, की पॅडचा माल एकाच जागी चिकटतो आणि तिथे ठसा उमटतो. पुढे तो ठसा जास्त घासतो, जास्त तापतो आणि आणखी माल ओढून घेतो.

दुसरी वाट हळू चालते, आणि माझ्या मते आपल्याकडे दुर्लक्ष होतं ते हिच्याकडेच. डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, बसते. तिथे गंजाची पापडी राहिली तर डिस्क तिरकी बसते, आणि पापडीच्या जाडीच्या जवळपास दुप्पट हेलकावा तिच्या बाहेरच्या कडेला दिसतो. नट एक घट्ट, एक सैल असे आवळले तरी तोच प्रकार. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. पण ब्रेक दाबलेला नसतानाही डिस्कची तीच जागा दर फेऱ्याला पॅडला घासते आणि हजारो किलोमीटरांत तेवढीच झिजते. नवी डिस्क काही महिन्यांत 'वाकते' ती अशी. कोकणात किंवा पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या हबवर ही पापडी हमखास सापडते.

निदानाची सुरुवात गाडीत बसूनच होते. ब्रेक न लावताही थरथर असेल तर आधी टायर आणि व्हील बॅलन्सिंग बघावं. ब्रेक लावल्यावर स्टेअरिंग हललं तर संशय पुढच्या चाकांवर. सीट आणि गाडीचा मागचा भाग हलला तर मागच्या. निसरड्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पेडल करकरतं ते एबीएसचं, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, काम, तो बिघाड नव्हे. यानंतर मात्र मोजायलाच हवं: डायल गेजने हेलकावा आणि मायक्रोमीटरने डिस्कच्या आठ जागी जाडी. पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरच्या पिना मोकळ्या सरकतात का, हेही याच वेळी तपासावं. मोजमाप न करता डिस्क बदला म्हणणाऱ्या मेकॅनिकला थांबवून गेज आहे का, हे विचारायला संकोचू नका.

दुरुस्ती निदानावर ठरते. जाडी पुरेशी असेल तर लेथवर डिस्क टर्न करता, म्हणजे तासून एकसारखी करता येते. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते, त्याखाली गेलेली डिस्क बदलायचीच. डिस्क जुनी बसवा की नवी, आधी हब तारेच्या ब्रशने चकचकीत करायचा आणि नट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने, कंपनीने दिलेल्या मापाला आवळायचे. टायरच्या दुकानात हवेच्या गनने धडाधड आवळलेले नट घरी येऊन सैल करून मी पुन्हा नीट आवळतो. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक लावायचा, पूर्ण थांबायचं नाही, आणि मग ब्रेक गार होईपर्यंत गाडी हळू चालवायची. त्याने पॅडचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसतो.

माझ्या गाडीच्या डाव्या हबवर नखाने निघेल अशी गंजाची पापडी होती. ती खरवडली, त्याच डिस्क टर्न करून परत बसवल्या. आता घाट तिसऱ्या गिअरमध्ये उतरतो, आणि खाली रांगेत थांबलो की रस्ता सपाट असल्याची खात्री करून पुढच्या गाडीमागे थोडी जागा ठेवतो आणि ब्रेकवरचा पाय सैल सोडतो.