उथळ विहिरीवरील घरगुती पंप (इंदूर)

उथळ विहिरीवरील घरगुती पंप : विहिरीच्या काठावर बसवून साधारण ७ मी. खोलीपर्यंतचे पाणी चूषणाने वर घेणारा अर्धा ते एक अश्वशक्तीचा विद्युत् पंप व त्याची उभारणी. प्रस्तुत नोंदीत इंदूरमधील राजवाडा, मल्हारगंज, रामबाग या जुन्या वस्त्यांतील वाड्यांच्या विहिरी व आड प्रामुख्याने विचारात घेतले आहेत.

चूषणमर्यादा : पंप चालू झाला की चूषण नळातील हवेचा दाब उतरतो आणि विहिरीतील पाण्यावर असलेला वातावरणाचा दाब ते पाणी नळात चढवतो. चढाईची कमाल उंची त्यामुळे वातावरणावर अवलंबून राहते; मोटारीची शक्ती वाढवून ती वाढत नाही. ही मर्यादा प्रथम कोणी उलगडली याविषयी मतभेद आहेत. गॅलिलीओ यांनी १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात १८ हात (सु. १० मी.) ही मर्यादा नमूद केली, परंतु पाण्याचा स्तंभ स्वतःच्या भाराने तुटतो असे कारण दिले. त्यापूर्वी १६३० मध्ये जेनोआचे बालियानी यांनी सु. २१ मी. उंच टेकडीवरून नेलेली वक्रनलिका (सायफन) चालत नसल्याचे गॅलिलीओ यांना कळवले होते व पुढील पत्रव्यवहारात हवेच्या वजनाची कल्पनाही मांडली होती. रोममध्ये बेर्ती यांनी केलेला उंच जलस्तंभाचा प्रयोग काही अभ्यासक १६४० च्या आसपासचा मानतात, तर काही तो १६४३ पर्यंत अलीकडे आणतात. तोरिचेल्ली यांच्या पाऱ्याच्या प्रयोगाआधी (पाऱ्याने भरलेली नळी उपडी धरून हवेचा दाब दाखवणारा प्रयोग) तो झाला असावा, हे मत अधिक ग्राह्य दिसते. कारणमीमांसेचे श्रेय एकट्या तोरिचेल्ली यांना देण्याची पाठ्यपुस्तकी प्रथा बालियानींवर अन्याय करणारी आहे.

इंदूरच्या दृष्टीने यातील सर्वांत महत्त्वाचा प्रयोग १९ सप्टेंबर १६४८ चा होय. पास्काल यांच्या सांगण्यावरून पेऱ्ये यांनी फ्रान्समधील प्यूइ द दोम या डोंगरावर पाऱ्याची नळी नेली आणि उंचीबरोबर वातावरणाचा दाब घटतो हे दाखवून दिले. इंदूर समुद्रसपाटीपासून सु. ५५० मी. उंचीवर आहे. समुद्रसपाटीला १०.३ मी. असणारी सैद्धांतिक मर्यादा येथे सु. ९.७ मी. भरते. पाणी ३०° से. तापमानाचे असल्यास बाष्पदाबामुळे (पाण्याच्या वाफेच्या दाबामुळे) आणखी सु. ०.४ मी. कमी होतात. नळातील घर्षण आणि पंपाच्या पंख्यापाशी लागणारा किमान दाब वजा केला, की हाती साडेसहा ते सात मीटर, म्हणजे जेमतेम २२ फूट उरतात. बडोदे जवळजवळ समुद्रसपाटीलाच असल्याने तेथे २४ फुटांवरून पाणी देणारा पंप इंदूरला दोन फूट आधीच हात टेकतो. पंपासोबत येणाऱ्या पत्रकातील चूषणाचे आकडे सामान्यतः समुद्रसपाटीचे असतात, याचा विसर दुकानात हमखास पडतो.

भूजल : माळव्याचे पठार दख्खन ट्रॅपच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या थरांच्या, बेसाल्टचे आहे. वर काळी माती, खाली मुरूम व झिजलेला खडक, त्याखाली भेगा असलेला कठीण पाषाण अशी रचना आढळते. विहिरीला पाणी मुख्यतः मुरमातून व भेगांतून मिळते. त्यामुळे गणपतीत काठाशी आलेले पाणी वैशाखात बरेच खाली जाते. पंपाची जागा म्हणूनच अक्षय्य तृतीया ते वटपौर्णिमा या काळातील पातळीवरून ठरवावी. दिवाळीत मोजलेली खोली फसवी असते. मोजमाप साधे आहे : सुतळीला दगड बांधून तळापर्यंत सोडायचा, काठाशी गाठ मारायची आणि वर घेतल्यावर सुतळीची कोरडी व ओली लांबी वेगवेगळी मोजायची. पंपाच्या मध्यापासून उन्हाळी पाण्यापर्यंतचे उभे अंतर २२ फुटांहून जास्त भरल्यास पंप विहिरीतच पक्क्या टप्प्यावर खाली बसवावा, अथवा दोन नळांचा जेट पंप (एका नळाने पाणी दाबून खाली सोडून दुसऱ्याने वर ढकलणारा) किंवा पाणबुडी पंप घ्यावा.

उभारणी : चूषण नळ पंपाच्या तोंडाहून बारीक नसावा आणि विहिरीपासून पंपाकडे सतत चढता असावा. मध्ये कुबड राहिले तर तेथे हवा अडकते. फुटवॉल (चूषण नळाच्या खालच्या टोकाची, पाणी परत जाऊ न देणारी झडप) तळाच्या गाळापासून किमान एक फूट वर व उन्हाळी पातळीच्या दोन फूट खाली राहावा. इंदूरमध्ये वारंवार आढळणारा दोष काळ्या मातीमुळे उद्भवतो. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तडकते आणि तीत पुरलेल्या नळाचे सांधे हलतात. केसाएवढ्या फटीतूनही पंप हवा घेतो. बाहेर पाण्याचा थेंब दिसत नाही, धार मात्र तुटक येते. चूषणाच्या बाजूचा नळ न पुरता जमिनीवर दिसेल असा ठेवणे त्यासाठी श्रेयस्कर. सुतळी-सफेदा असो वा टेफलॉन, सांधा भरताना घाई करू नये.

पंप प्रथम सुरू करण्यापूर्वी वरच्या बुचातून पाणी भरतात. बुडबुडे थांबून पाणी काठोकाठ स्थिरावले पाहिजे. पंधरा-वीस मिनिटांत ते खाली सरकले, तर फुटवॉल गळतो आहे किंवा सांधा उघडा आहे. हा दोष काढल्याशिवाय मोटार चालवू नये, कारण कोरड्या फिरण्याने सील जळते. अर्थिंग, स्वतंत्र एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास वीज तोडणारी कळ) व ३० मिलिअँपिअरचा विद्युत् गळती-संरक्षक आवश्यक आहेत.

सुरक्षितता : जुन्या विहिरीवर स्लॅब टाकून त्यावर पंप ठेवण्याची पद्धत धोकादायक आहे. ३० मार्च २०२३ रोजी रामनवमीला इंदूरच्या बेलेश्वर महादेव मंदिरात बावडीवरील छत कोसळून ३६ जण मृत्युमुखी पडले. पंपाचा ओटा काठाबाहेर घट्ट जमिनीवर बांधावा. विहीर बंदिस्त न करता तिच्यावर लोखंडी जाळी बसवावी. पेट्रोल वा डिझेलवर चालणारे इंजिन विहिरीत कधीही उतरवू नये. कार्बन मोनॉक्साइडने क्षणात शुद्ध हरपते. कंदील खाली सोडून हवा पारखण्याची जुनी रीत या वायूबाबत निरुपयोगी आहे.

शहराचा संदर्भ : जलूद येथून उपसलेले नर्मदेचे पाणी १९७८ मध्ये इंदूरला पोहोचले, तोवर यशवंत सागर, बिलावली व विहिरी यांवर शहराची भिस्त होती. नळ आल्यावर वाड्यांतील अनेक आड कचऱ्याने भरले गेले. इंदूरच्या नगररचनेवर १९१८ मध्ये अहवाल देणारे पॅट्रिक गेडिस जुनी तळी व विहिरी राखण्याचे पुरस्कर्ते होते, आणि त्यांची भूमिका योग्यच होती. आज अशा विहिरींचे पाणी मुख्यत्वे धुणी-भांडी, बाग व कूलरसाठी वापरतात. जवळून सांडपाण्याच्या वाहिन्या गेल्यामुळे तपासणीशिवाय ते पिऊ नये. विहिरीच्या पंपाचा नळ नर्मदेच्या जोडणीला थेट जोडू नये. पुरवठा बंद असताना विहिरीचे पाणी मुख्य वाहिनीत शिरू शकते, म्हणून गच्चीवर विहिरीच्या पाण्याची टाकी स्वतंत्र ठेवतात.