केमो घ्यायची की नाही, ते मेणातल्या गाठीला विचारा

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरत होता, ब्रेस्ट कॅन्सरच्या ७० टक्के बायकांना केमोची गरजच नसते, अमेरिकेत सिद्ध झालंय, डॉक्टर लोक सांगत नाहीत. आणि तो नेमका जिच्या हातात पडायला नको तिच्याच हातात पडला. शेजारची सून, वय ४१, ऑपरेशन होऊन महिना झालेला, रिपोर्टमध्ये ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत अशी जात. संध्याकाळी मोबाईल घेऊनच घरी आली, "सर, हे खरं असेल तर मी कशाला केस घालवू?" मी चोपड्याला तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, डॉक्टर नाही, पण दोन वर्षांपूर्वी मावशीच्या आजारपणात या विषयात पार बुडालो होतो, म्हणून लिहायला बसलोय.

तो मेसेज अर्धा खरा आहे, म्हणूनच त्याची जास्त भीती वाटते. २०१८ च्या जूनमध्ये टेलर-एक्स नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. त्यातल्या सगळ्या बायकांचा कॅन्सर हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारा), हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे पेशी वाढवणारं एक प्रथिन) आणि काखेतल्या गाठींपर्यंत न पोचलेला, या तीन अटी आधी लक्षात घ्या कारण मेसेजात नेमक्या त्याच गाळल्यात. गाठीची एक जनुकीय चाचणी करून ० ते १०० मधला स्कोअर काढला (जास्त म्हणजे कॅन्सर परतायचा धोका जास्त), आणि ज्यांचा ११ ते २५ च्या मध्ये आला अशा ६,७११ जणींचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एकाला फक्त हार्मोनच्या गोळ्या, दुसऱ्याला गोळ्या अधिक केमो. नऊ वर्षांनी हयात किती? गोळ्यावाल्या ९३.९ टक्के, केमोवाल्या ९३.८ टक्के. म्हणजे या गटात एवढा सगळा त्रास सोसून सरासरीने हातात काहीच जास्त पडलं नाही. फक्त पन्नाशीच्या आतल्या बायकांत स्कोअर १६ किंवा जास्त असेल तर केमोचा थोडा फायदा दिसला.

आता हा स्कोअर काढतात कसा, ते मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये बुडवून मग मेणात बसवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. मावशीचा ब्लॉक मी स्वतः लॅबमधून आणला, साडीच्या दुकानाच्या पिशवीत सगळे रिपोर्ट आणि त्यात कागदात गुंडाळलेला तो ब्लॉक. काडेपेटीहून चपटी प्लास्टिकची चौकट, त्यावर पांढरं मेण, आणि मधोमध वालाच्या दाण्याएवढा पिवळट तपकिरी डाग. मावशीने बोट लावून पाहिलं, म्हणाली, "एवढंसंच व्हतं?" आणि मग हळूच, "मना केस जातीन का रे भाऊ?"

त्या डागात पेशी मेलेल्या असतात पण त्या जिवंतपणी काय करत होत्या याच्या चिठ्ठ्या आत शिल्लक असतात, त्या चिठ्ठ्या म्हणजे आरएनए. जे जनुक चालू, त्याच्या चिठ्ठ्या जास्त. फॉर्मॅलिनने आरएनएचे बारीक तुकडे होतात, म्हणून पूर्वी वाटायचं की मेणातल्या गाठीतून हे मोजताच येणार नाही, पण फार छोटा तुकडाच पकडायचा असं ठरवलं तर जमतं. आणि मोजायची पद्धत आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे, आरटी-पीसीआर! कोरोनात नाकात काडी घालून करायचे तीच. आरएनएवरून डीएनएची प्रत बनवायची, मग प्रत्येक फेरीत दुप्पट, दोनाच्या चार, चाराच्या आठ, शेवटी चमक मशीनला दिसेल एवढी होते. किती फेऱ्या लागल्या ती सीटी व्हॅल्यू. सुरुवातीला माल जास्त असेल तर कमी फेऱ्या, एक फेरी कमी म्हणजे माल साधारण दुप्पट. कोरोनात विषाणू मोजला, इथे गाठीतली जनुकं मोजायची.

२००४ मध्ये छापून आलेल्या कामात २५० जनुकांपासून सुरुवात करून शेवटी २१ ठेवली, १६ कॅन्सरची आणि ५ तुलनेची. ही तुलनेची पाच मला फार आवडतात. गावात चाळीस ट्रॅक्टर हे जास्त की कमी? घरं किती ते कळल्याशिवाय सांगता येत नाही. पाच जनुकं म्हणजे ती घरांची मोजणी, कारण ती बहुतेक पेशींत कमीजास्त सारखीच चालतात, मग कुणाचा ब्लॉक जुना, कुणाचा तुकडा लहान, तरी हिशोब सारखा राहतो. उरलेल्या सोळांना गटागटाने वजन दिलंय, पेशी वाढवणाऱ्या गटाला (केआय-६७ नावाचं जनुक त्यातलंच) अधिक १.०४, हर-टूच्या गटाला अधिक ०.४७, इस्ट्रोजेनच्या गटाला उणे ०.३४, म्हणजे हार्मोनवर चालणारी गाठ असेल तर स्कोअर खाली येतो, भराभर दुभंगणारी असेल तर वर जातो. केमोची बहुतेक औषधं दुभंगणाऱ्या पेशीवरच घाव घालतात (केस, तोंडाची आतली त्वचा, अस्थिमज्जा याच कारणाने होरपळतात), मग सावकाश वाढणाऱ्या गाठीवर तिचा फार जोर चालत नाही. गुणाकार-बेरजेत वाचणारा हरवला असेल तर एवढंच धरा, वजन सगळ्यात जास्त वाढीच्या वेगाला आहे.

आधी मोजायचं, मगच घाव घालायचा, हे आपल्याकडे कपाशीवाल्यांना कळतं. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे (वासाने पतंग ओढणारे) लावतात, सलग तीन दिवस एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले तरच फवारा मारा असं कृषीवाले सांगतात. शेजाऱ्याने मारला म्हणून मारायचा नाही, आणि सापळा भरला असताना हात बांधून बसायचंही नाही.

दुसरी गोष्ट साध्या गणिताची. अनेक अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये दिसलं की चांगल्या केमोने ब्रेस्ट कॅन्सरने मरण्याचा धोका साधारण एक तृतीयांशाने कमी होतो. ऐकायला जबरदस्त! पण धोका शंभरात ३० असेल तर एक तृतीयांश म्हणजे १० जणी वाचल्या, आणि धोका शंभरात ३ च असेल तर एक. बाकीच्या नव्व्याण्णव जणींनी उलट्या, केस, ताप, हातापायांच्या मुंग्या हे सगळं सोसलं आणि त्यांचा शेवट तोच राहिला. म्हणून डॉक्टरांना "केमोने फायदा होतो का" असं विचारू नका, "माझ्यासारख्या शंभर जणींत केमोने किती जास्त वाचतात" असं विचारा. गाठीचा आकार, ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते), काखेतल्या गाठी, वय, हार्मोन आणि हर-टूचे रिपोर्ट टाकले की असा अंदाज देणारं प्रेडिक्ट नावाचं इंग्लंडमधलं साधन इंटरनेटवर फुकट आहे, डॉक्टरांसोबत बसून बघावं. २१ जनुकांची चाचणी मात्र महाग आहे, ब्लॉक परदेशात जातो आणि खर्च लाखांच्या घरात, म्हणून तिच्या उत्तराने निर्णय बदलणार असेल तरच करावी, नुसती मनाच्या समाधानाला नाही.

इथे एक बोलून घेतो. गाठीला सुई लावली की कॅन्सर भडकतो, हवा लागली की पसरतो, हे मी यावल-रावेरपासून शिरपूरपर्यंत ऐकलंय आणि त्यापायी बायका सहा-सहा महिने घरात बसतात, कुणी उतारा टाकतं, कुणी सातपुड्याची जडीबुटी म्हणून विकलेल्या पुड्या खातं. सुईने कॅन्सर भडकत नाही. सुईशिवाय कळणारच नाही की गाठ कुठल्या जातीची आहे, आणि जात कळल्याशिवाय केमोचा प्रश्न सुटत नाही.

मावशीचं वय ५८, पाळी गेलेली, गाठ १.८ सेंटीमीटर, काख साफ, हार्मोन पॉझिटिव्ह. एक डॉक्टर म्हणाले सरळ केमो घ्या, दुसरे म्हणाले आधी चाचणी करू. स्कोअर आला १४. केमो दिली नाही, रोज एक गोळी, पाच वर्षं. केस शाबूत, सांधे दुखतात म्हणून कुरकुर चालू.

शेजारच्या सुनेचं तसं नाही. ट्रिपल निगेटिव्ह म्हणजे इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, हर-टू तिन्ही दारं बंद, मावशीची गोळी तिथे कामाचीच नाही, ती २१ जनुकांची चाचणीही या जातीसाठी नाही आणि टेलर-एक्समध्ये अशी एकही बाई घेतली नव्हती. आपल्या देशात पाश्चात्त्य देशांपेक्षा ही जात जास्त सापडते, तीही कमी वयात. गाठ काढली तरी रक्तातून निसटलेल्या पेशी कुठे दडल्या असतील तर त्यांच्यावर मुख्यतः केमोच चालते. शिवाय वेळ महत्त्वाचा. कॅलिफोर्नियातल्या सुमारे २४,८०० बायकांच्या नोंदी तपासल्या तर ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या पुढे केमो सुरू झाली त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त होतं, आणि ट्रिपल निगेटिव्हमध्ये हा फरक आणखी मोठा.

हे सगळं तिला एका बैठकीत सांगता आलं नाही, तीन संध्याकाळी लागल्या, तिसऱ्या दिवशी तिची सासूही येऊन बसली. रिपोर्टवरच्या तीन "निगेटिव्ह" शब्दांवर बोट ठेवून सासू म्हणाली, मला वाटलं निगेटिव्ह म्हणजे चांगलं, कोरोनासारखं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर ऑपरेशनच्या तारखेपासून आम्ही दिवस मोजले, तो ३४ वा होता. ४१ व्या दिवशी जळगावला सुनेला केमोची पहिली सायकल, म्हणजे पहिली फेरी, लागली.