माकडांचं एफएमआरआय: बोल्ड वेगळं, लोहकण वेगळे

माकडांवरच्या एफएमआरआयबद्दल (मेंदूचा कोणता भाग कामाला लागला ते दाखवणारं स्कॅन) एक वाक्य हटकून वाचायला मिळतं: 'लोहकणांचं इंजेक्शन दिलं की बोल्ड सिग्नल तिप्पट होतो.' तिप्पट होते ती संवेदनशीलता, तीही ३ टेस्लाच्या (चुंबकाच्या ताकदीचं एकक) आसपास. बोल्ड, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजननुसार बदलणारा नेहमीचा सिग्नल, मात्र तिप्पट होत नाही. इंजेक्शननंतर आपण मोजतो ती गोष्टच बदललेली असते.

बोल्ड बहुतेकांना ठाऊक आहे. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये मांडलेली पद्धत. पेशी कामाला लागल्या की गरजेपेक्षा जास्त ताजं रक्त येतं, डीऑक्सिहिमोग्लोबिन (ऑक्सिजन सोडलेलं, सिग्नल दाबणारं हिमोग्लोबिन) कमी होतं, सिग्नल एखाद-दोन टक्क्यांनी वर जातो. पुढे जाऊ.

लोहकणांच्या पद्धतीत मायॉन किंवा फेरुमॉक्सिटॉलसारखं लोहाचे सूक्ष्म कण असलेलं द्रव्य शिरेतून देतात, वजनाच्या दर किलोमागे साधारण ८ ते १० मिलिग्रॅम लोह. कण रक्तवाहिन्यांतच फिरत राहतात आणि भोवतालचं चुंबकीय क्षेत्र बिघडवतात, त्यामुळे मेंदूचं अख्खं चित्र काळवंडतं. आता एखादा भाग सक्रिय झाला की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, व्हॉक्सेलमध्ये (चित्राच्या एका छोट्या घनात) रक्त वाढतं, रक्ताबरोबर लोह वाढतं आणि तो भाग आणखी काळा पडतो. म्हणजे सक्रियतेत सिग्नल खाली जातो. मोजलं जातं ते रक्ताचं आकारमान. याला 'निगेटिव्ह बोल्ड' म्हणणं हा शुद्ध घोळ आहे. तो शब्द पेशींचं काम मंदावल्यावर घटणाऱ्या बोल्डसाठी आहे, आणि इथे तर पेशी जोरात कामाला लागलेल्या असतात. नकाशे सोयीसाठी उलटे करून छापायला हरकत नाही, पण आकृतीखाली तसं लिहिलेलं नसतं, तेव्हा डोकं फिरतं.

खरी अडचण पुढे आहे. लोह दिलं म्हणून बोल्ड थांबत नाही. डीऑक्सिहिमोग्लोबिन कमी होतच असतं आणि सिग्नल वर ढकलत असतं, लोह तो खाली ओढत असतं. स्कॅनरला दिसते फक्त वजाबाकी. मात्रा कमी पडली, इंजेक्शनचा काही भाग शिरेबाहेर गेला किंवा कालच्याच मात्रेवर आजचं सत्र उरकलं, तर दोन्ही परिणाम जवळजवळ सारखे होऊन चांगला जागा असलेला भागही नकाशावर मृतवत दिसतो. यावर 'एको टाइम (रेडिओ-स्पंदनानंतर सिग्नल मोजेपर्यंतचा अवधी) कमी करा' हा सल्ला सर्रास दिला जातो. तो निरुपयोगी आहे. एको टाइमशी दोन्ही परिणाम सारख्याच प्रमाणात घटतात, त्यांचं आपसातलं गुणोत्तर बदलत नाही. लोह दिल्यावर एको टाइम कमी ठेवतात तो चित्र फार काळं पडून सिग्नल गोंगाटात बुडू नये म्हणून. गुणोत्तर बदलतं ते मात्रेने. शिवाय चुंबक जितका ताकदवान तितकं बोल्ड वाढतं, लोहकणांचं चुंबकत्व मात्र आधीच संपृक्त झालेलं असतं, म्हणून उच्च क्षेत्रावर लोहाचा फायदा आटतो.

त्यामुळे इंजेक्शनच्या आधीची काही मिनिटं त्याच सेटिंगवर नोंदवलीच पाहिजेत. समजा, एका व्हॉक्सेलचा सिग्नल आधी १००० होता, लोहानंतर ४००, उद्दीपनात ३८०. ३८०/४०० चा नैसर्गिक लॉग −०.०५१, ४००/१००० चा −०.९१६. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की आकारमानातली वाढ सुमारे ५.६ टक्के येते, तीही बोल्डची वजाबाकी दुर्लक्षून. आधीची नोंद नसेल तर हा भागाकार करताच येत नाही. सत्रभर सिग्नल हळूहळू वर सरकताना दिसला तर घाबरू नका, रक्तातलं लोह कमी होत असतं. विश्लेषणाच्या मॉडेलमध्ये बोल्डचा प्रतिसाद-वक्र (उद्दीपनानंतर सिग्नल कसा चढतो-उतरतो तो आलेख) मात्र जसाच्या तसा घालू नका. लोहाचा वक्र संथ असतो, मूळ पातळीवर रेंगाळत परततो, आणि बोल्डमध्ये उद्दीपनानंतर दिसणारी ठळक घसरण त्यात नसते. उद्दीपनाचे ब्लॉक लांब ठेवलेले बरे.

जबड्याची हालचाल, घोट घेणं, अंग हलल्याने क्षेत्रात होणारे बदल ही दुखणी दोन्हीकडे सारखीच.

आणि रक्तप्रवाह? तो दोन्हींत थेट मोजला जात नाही. आकारमानावरून प्रवाह काढायला ग्रब आणि सहकाऱ्यांचं १९७४ चं सूत्र वापरतात: आकारमान प्रवाहाच्या ०.३८ व्या घातासोबत बदलतं. ते ऱ्हीसस माकडांवरच मिळालेलं आहे, पण धमनीतल्या कार्बन डायऑक्साइडची पातळी बदलून, म्हणजे संपूर्ण मेंदूसाठी. ते मेंदूतल्या दृष्टीच्या भागाच्या (व्हिज्युअल कॉर्टेक्स) एका तुकड्यातल्या काही सेकंदांच्या बदलाला लावलं की वरचे ५.६ टक्के थेट १५ टक्के प्रवाहवाढ होऊन बसतात, आणि हा आकडा मग बिनदिक्कत छापला जातो.

प्रवाह हवा असेल तर आर्टीरियल स्पिन लेबलिंग करा. मानेतल्या धमन्यांतल्या रक्ताच्या पाण्यावर चुंबकीय खूण करायची, ते मेंदूत पोहोचेपर्यंत थांबायचं, खूण केलेलं चित्र खूण न केलेल्यातून वजा करायचं. उत्तर येतं दर १०० ग्रॅम ऊतीमागे मिनिटाला किती मिलिलिटर. फरक जेमतेम टक्काभर, त्यामुळे अशा पुष्कळ जोड्यांची सरासरी घ्यावी लागते. माकडाची मान आखूड, रक्त लवकर पोहोचतं, म्हणून माणसासाठी ठरवलेला थांबण्याचा काळ उचलून आणू नये. भूल दिलेली असेल तर श्वासाअखेरच्या कार्बन डायऑक्साइडची नोंद सोबत हवीच: आयसोफ्लुरेन (भुलीचा वायू) आणि कार्बन डायऑक्साइड दोघेही रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि ती नोंद नसलेल्या प्रवाहाच्या आकड्यात उद्दीपनाचा वाटा किती हे कुणालाच सांगता येत नाही.