आयोवा काउंटी नक्की कोणती? एक आयोवातली, एक विस्कॉन्सिनमधली

पुतण्याला आयोवा सिटीत ॲडमिशन मिळाली तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर कोणीतरी हौसेने "आयोवा काउंटी"ची माहिती टाकली, त्यात डोंगरदऱ्या, शिशाच्या खाणी, दगडी घरं असं सगळं होतं आणि वहिनी घाबरून विचारायला लागल्या की पोरगं खाणीच्या गावात चाललंय का. ती माहिती होती विस्कॉन्सिन राज्यातल्या आयोवा काउंटीची. आणि आयोवा राज्यातली आयोवा काउंटी धरली तरी आयोवा सिटी तिच्यात येतच नाही, ती शेजारच्या जॉन्सन काउंटीत आहे! नंतर त्याला भेटायला गेले तेव्हा दोन्ही काउंट्या मुद्दाम बघून आले, गाडीने तीनेक तासांचं अंतर आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

काउंटी म्हणजे कारभाराच्या दृष्टीने आपला जिल्हा म्हणा, पण माणसं मोजली तर तालुकासुद्धा मोठा वाटेल. २०२० च्या जनगणनेत आयोवातल्या काउंटीत १६,६६२ लोक, विस्कॉन्सिनवालीत २३,७०९. दोन्हीकडे शेतीच मुख्य. विस्कॉन्सिनवालीच्या पूर्वेकडचे बरेच जण नोकरीला राज्याच्या राजधानीत, मॅडिसनला, जाऊन येऊन करतात.

आता गंमत बघा, आपल्याला वाटतं आयोवा राज्यातली तीच मूळची आणि दुसरीने नाव उचललं. उलट आहे! विस्कॉन्सिनवाली १८२९ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तो मुलूख मिशिगन टेरिटरीत होता (टेरिटरी म्हणजे राज्याचा दर्जा मिळण्याआधीचा प्रदेश) आणि आयोवा नावाचं राज्यच काय, टेरिटरीसुद्धा नव्हती. टेरिटरी झाली १८३८ ला, राज्य १८४६ ला. आयोवातली काउंटी १८४३ ची, तिला नाव मिळालं तिच्यातून वाहणाऱ्या आयोवा नदीवरून, म्हणजे वयाने ती धाकटी.

खरा फरक जमिनीत आहे आणि माझ्या मते बाकी सगळं त्यातूनच आलंय. विस्कॉन्सिनवाली येते ड्रिफ्टलेस भागात. हिमयुगात आजूबाजूचा प्रदेश हिमनद्यांनी घासून सपाट केला, हा तुकडा तेवढा वाचला, म्हणून अजून उभे चढ आणि खोल दऱ्या आहेत. जमिनीत शिसं वरवरच सापडायचं, म्हणून १८२० च्या दशकात खाणवाल्यांची झुंबड उडाली. घर बांधायला वेळ कोणाला, टेकडीच्या कुशीत भोक पाडून राहायचे, म्हणून लोक त्यांना बॅजर म्हणायला लागले, बॅजर म्हणजे बीळ खोदणारा प्राणी, आणि विस्कॉन्सिनला आजही बॅजर स्टेट म्हणतात ते यावरून. १८३० नंतर इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलहून पिढीजात खाणकामगार आले. मिनरल पॉइंट गावात त्यांची चुनखडीची बुटकी घरं अजून आहेत, भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात माणूस आरामात बसेल. तिथे पेस्टी मिळते, मोठ्ठ्या करंजीसारखी, आत बटाटा, कांदा, बीफ, खाणीत खाली न्यायला सोयीची. १८३६ ला विस्कॉन्सिन टेरिटरीच्या पहिल्या गव्हर्नरचा, हेन्री डॉजचा शपथविधी याच गावात झाला. पण १८४९ ला कॅलिफोर्नियात सोन्याची बातमी पसरली आणि कितीतरी खाणवाले तिकडे निघून गेले, पुढे काउंटीचं ठाणंही मिनरल पॉइंटहून डॉजव्हिलला हललं. १८५९ चं तिथलं कोर्ट हाउस राज्यात सगळ्यात जुनं.

मागे उरली शेती. उतारावर सरळ नांगरलं तर माती वाहून जाणार, म्हणून उताराला आडवे, वळणावळणाचे पट्टे, एक मक्याचा एक गवताचा, आपल्याकडे पाणलोटाच्या कामात समपातळी बांध घालतात त्याच विचाराचं काम. याच ड्रिफ्टलेस भागात कून व्हॅलीला १९३३ मध्ये अमेरिकेतला पहिला मोठा पाणलोट प्रकल्प सुरू झाला. गवत भरपूर म्हणून गाई, आणि गाई म्हणून चीज.

आयोवातल्या काउंटीत शिरलं की नजरेला एकदम मोकळं वाटतं. हलके चढउतार आहेत, पण रस्ते बहुतेक काटकोनात, मैला-मैलावर, वहीच्या चौकटीसारखे, काळी कसदार माती, मका, सोयाबीन, डुकरं. ठाणं मॅरेंगो, नाव नेपोलियनने इटलीत जिंकलेल्या लढाईवरून.

इथली जपावी अशी गोष्ट म्हणजे अमाना. एका धार्मिक पंथाचे जर्मन लोक न्यूयॉर्क राज्यातून १८५५ ला इथे आले, सात गावं वसवली आणि सगळं सामाईक ठेवलं, जमीन, गिरणी, जेवण, सगळं. घरांना स्वयंपाकघरच नव्हतं! त्या सातांपैकी मिडल अमानात एक सामाईक स्वयंपाकघर जपून ठेवलंय, विटांची लांब चूल, लांबलचक टेबलं, तीस-चाळीस माणसांचा स्वयंपाक बायका रोज करायच्या, पुरुषांची पंगत वेगळी बायकांची वेगळी. मी त्या चुलीपाशी बराच वेळ थांबले, आजीच्या वाड्यातली चूल आठवत राहिली. १९३२ ला मंदीच्या काळात त्यांनी सामाईक व्यवस्था मोडली, दोनच वर्षांनी त्यांच्यातल्याच एकाने फ्रीजचा धंदा काढला, आणि १९६७ ला अमाना नावाने घरगुती मायक्रोवेव्ह बाजारात आला तो त्याच कंपनीचा.

आणि ज्यांच्यावरून दोघींना (एकीला नदीमार्फत) नाव मिळालं ते इथले मूळ रहिवासी, आयोवा लोक? त्यांची जमीन करार करून घेतली गेली, आज त्यांची वस्ती कॅन्सस-नेब्रास्काच्या सीमेवर आणि ओक्लाहोमात आहे. मेस्क्वाकी नावाचे दुसरे मूळ रहिवासी लोक मात्र परत आले. विस्कॉन्सिनकडचं शिसं गोऱ्यांच्या आधी काढणाऱ्यांत तेही होते. त्यांनी १८५७ मध्ये आयोवात स्वतःचे पैसे मोजून ८० एकर जमीन विकत घेतली, आयोवा नदीच्याच काठी, मॅरेंगोच्या वरच्या अंगाला टामापाशी, आणि ते अजून तिथेच राहतात.