ल्युपस असलेल्या मुलाचं पोट दुखतं तेव्हा

मुलांचं पोट दुखणं ही घरोघरची गोष्ट. बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल, जंत झाले असतील, उद्या चाचणी परीक्षा असेल. आई-आजी ओवा चावायला देतात, बेंबीभोवती हिंग लावतात आणि तासाभरात मूल खेळायला पळतं. पण ज्या मुलाला ल्युपस आहे, त्याच्या पोटदुखीचं कारण घरच्या घरी ठरवू नये, हे मला कळकळीनं सांगावंसं वाटतं.

ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध, अगदी डीएनएविरुद्धही प्रतिपिंडं तयार करते. त्यांची संयुगं बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकतात आणि तिथे दाह सुरू होतो. एकूण रुग्णांपैकी साधारण १५ ते २० टक्के जणांना हा आजार लहानपणी किंवा किशोरवयात जडतो. त्यात मुलींची संख्या बरीच जास्त असते आणि मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये तो अधिक आक्रमक असतो. गालांवरचे लाल चट्टे, सुजलेले सांधे, लघवीतून जाणारं प्रथिन याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण पचनसंस्थेकडे तितकंसं जात नाही. वास्तविक आजाराची पहिली खूण कित्येकदा तोंडातच असते: टाळूवर आलेला व्रण. तो बऱ्याचदा दुखत नाही, म्हणून मूल सांगत नाही. टॉर्च लावून पाहिलं तरच दिसतो.

सगळ्यात जपायचं ते आतड्यांना. आतड्यांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांना दाह झाला की आतड्याची भिंत सुजते. पोटात कळा येतात, उलट्या होतात, कधी जुलाब, कधी शौचातून रक्त. चित्र हुबेहूब अपेंडिक्ससारखं दिसू शकतं, आणि ल्युपसचं निदान आधी झालेलं नसेल तर मूल थेट ऑपरेशनच्या टेबलावर जाऊ शकतं. अशा वेळी सीटी स्कॅन फार मोलाचा ठरतो. सुजलेल्या आतड्याचा आडवा छेद त्यात नेमबाजीच्या चकतीसारखा, एकात एक वर्तुळं असलेला दिसतो. वेळीच ओळखलं तर शिरेतून दिलेल्या स्टिरॉइडनं बहुतेक मुलं सावरतात. उशीर झाला तर आतड्याचा तो भाग मरतो, भोक पडतं.

इथे एक फसवी गोष्ट आहे. एरवी आतड्याला भोक पडलं की पोट लाकडासारखं कडक होतं, ताप चढतो. पण मूल आधीपासून प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेत असेल तर हेच औषध ती लक्षणं झाकून टाकतं. पोट मऊ लागतं, ताप बेताचाच असतो, आणि आत परिस्थिती हाताबाहेर जात असते. म्हणून "हात लावल्यावर फारसं दुखत नाही" यावर अशा मुलाच्या बाबतीत विसंबता येत नाही.

स्वादुपिंडाला सूज आली तर वरच्या पोटात उठलेली कळ पाठीपर्यंत जाते. रक्तातलं लायपेज (स्वादुपिंडाचा पाचक रस) तपासलं की ते कळतं. काही मुलांच्या आतड्यातून प्रथिन झिरपत राहतं. चेहरा आणि पाय सुजतात, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन उतरतं, पण लघवी तपासली तर प्रथिन नाही. सूज म्हणजे मूत्रपिंडच, या सवयीच्या तर्कामुळे हा प्रकार हुकतो.

मग औषधं. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या मायकोफिनोलेटनं जुलाब होतात, ल्युपसचं नेहमीचं औषध हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन, त्यानं सुरुवातीला मळमळतं (जेवणासोबत दिलं की बरं पडतं), आणि स्टिरॉइडच्या जोडीला आपल्या मनानं वेदनाशामक गोळ्या दिल्या तर जठरात व्रण होऊ शकतो. त्यात जंतुसंसर्गाची भर. ल्युपसच्या रुग्णांना साल्मोनेला या जिवाणूचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो आणि आपल्या देशात पोटाचा क्षयही विसरून चालत नाही. खरी कसोटी इथेच लागते. दाह असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारं औषध वाढवायचं, संसर्ग असेल तर ते वाढवणं जिवावर बेतू शकतं. लक्षणं दोन्हीकडे सारखीच. रक्तातली सी३ आणि सी४ ही प्रथिनं, डीएनएविरोधी प्रतिपिंडं, शौचाची तपासणी, कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहणं), स्कॅन हे सगळं एकत्र ठेवूनच डॉक्टरांना निर्णय घ्यावा लागतो. "इतक्या तपासण्या कशाला" असं वाटणं समजू शकतं, पण त्यांना पर्याय नाही.

खाण्याचं पथ्य फार कडक नसतं. स्टिरॉइड चालू असताना मीठ कमी, म्हणजे पापड-लोणचं बेतानं. मोड आलेली मटकी-मूग कच्चे देऊ नयेत, कारण कच्च्या मोडांत साल्मोनेला वाढू शकतो. शिजवलेली उसळ खुशाल द्यावी. अल्फाल्फा, म्हणजे आपली लसूणघास, हिचे मोड, पावडर किंवा गोळ्या मात्र पूर्ण वर्ज्य. अल्फाल्फाचे मोड खाऊ घातलेल्या माकडांना ल्युपससारखा आजार झाल्याचं १९८२ मध्येच प्रसिद्ध झालं आहे. प्रतिकारशक्ती "वाढवणारे" काढेही नकोत. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा प्रौढ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, तो वाद वेगळा. पण ज्या मुलाची प्रतिकारयंत्रणा आधीच स्वतःवर उलटली आहे, तिला आणखी डिवचणारं काही देण्यात शहाणपण नाही.

पोटदुखी काही तास टिकली, हिरवी उलटी झाली, शौच काळी किंवा रक्ताची झाली, पोट फुगलं, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी. उलट्यांमुळे स्टिरॉइडची गोळी पोटात टिकत नसेल तर तेवढ्यासाठीही जावं. कित्येक आठवडे स्टिरॉइड घेतलेल्या मुलाच्या अॅड्रिनल ग्रंथी, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणाऱ्या ग्रंथी, सुस्तावलेल्या असतात. औषध एकदम तुटलं की रक्तदाब आणि साखर झपाट्यानं उतरते, मूल ग्लानीत जातं. त्या वेळी स्टिरॉइड इंजेक्शननं द्यावं लागतं, आणि मूल स्टिरॉइडवर आहे हे दारातच सांगितलं तर ते वेळेत मिळतं.