फेस, खडक आणि चुन्याची निवळी : घरातल्या कोरल टाकीची पार्श्वभूमी

घरी कोरलची टाकी लावायची म्हटलं की हातात एक ठरलेली यादी येते : आरओ-डीआयचं (क्षार काढून टाकलेलं) पाणी, समुद्री मीठ, लाइव्ह रॉक (जिवाणूंची वस्ती असलेला समुद्री दगड), स्किमर (फेसाने घाण काढणारं यंत्र), पॉवरहेड (पाण्यात प्रवाह ठेवणारा पंप), दिवा, आणि शेवटी ‘मासे आणण्यापूर्वी महिनाभर थांबा’ हा सल्ला. ही यादी कोणी एका बैठकीत लिहिलेली नाही. तिच्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या मेलेल्या टाकीतून आली आहे. या सगळ्यामागे दोनच प्रश्न होते : बंद पाण्यात घाण जाते कुठे, आणि कोरलला सांगाड्यासाठी चुना मिळतो कुठून? पहिल्याचं उत्तर घरगुती टाकीपर्यंत पोचायला शतकभर लागलं. दुसरा प्रश्न घरगुती टाकीच्या बाबतीत कोणी नीट विचारला, तोच 1970 च्या आसपास.

जान विल्प्रो-पॉवर या संशोधिकेने 1832 साली सिसिलीत आर्गोनॉट या अष्टपादाच्या अभ्यासासाठी काचेच्या टाक्या करून घेतल्या. पण समुद्र हाताशी नसलेल्या शहरात कोरल जगवण्याचा मान अ‍ॅना थिन यांचा. 1846 मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावर त्यांना छोटी कठीण कोरलं मिळाली. प्रवासात ती एकमेकांवर आपटू नयेत म्हणून त्यांनी सुई-दोऱ्याने ती एका मोठ्या स्पंजला टाचली आणि बरणीत घालून लंडनला नेली. समुद्राचं पाणी मोजकंच होतं. म्हणून मोलकरणीला उघड्या खिडकीपाशी उभं करून तेच पाणी या भांड्यातून त्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतत ठेवायचं, असा उपाय निघाला. कारण माहीत नव्हतं, पण उपाय बरोबर होता. 25 अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात जेमतेम 6.8. खाऱ्या टाकीत पंप बंद पडला की मासे लवकर धापा टाकू लागतात त्याचं हे एक कारण. पुढच्या वर्षी थिन यांनी पाण्यात समुद्री शेवाळ घातलं आणि ओतण्याचं काम बरंच हलकं झालं.

1845 मध्ये ब्रिटनने काचेवरचा कर काढून टाकला होता, त्यामुळे मोठी काच आवाक्यात आली. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने 1850 मध्ये वनस्पती, मासा आणि गोगलगाय यांचा ‘तोल’ मांडला. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं. 1854 च्या फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकामुळे ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घराघरात गेला. गॉस यांनी कृत्रिम समुद्रपाण्याची कृतीही दिली : साधारण साडेचार लिटरला थोडं कमी पाणी, त्यात शंभर ग्रॅमच्या आसपास साधं मीठ, सात ग्रॅम एप्सम सॉल्ट, तेरा ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड आणि तीन ग्रॅमला कमी पोटॅशियम क्लोराइड. या यादीत कॅल्शियम नाही. चुन्याचे क्षार अत्यल्प म्हणून त्यांनी ते सोडून दिले. समुद्री फुलं (अॅनिमोन) आणि शिंपले या पाण्यात काही काळ तग धरायचे, पण सांगाडा वाढवणाऱ्या कोरलला त्यात करण्यासारखं काही नव्हतं.

तोलाची कल्पना कागदावर सुरेख होती. प्रत्यक्षात बहुतेक टाक्या काही आठवड्यांत दुधाळ होऊन सडायच्या. वनस्पती प्राणवायू देतात एवढंच कळलं होतं. माशाच्या अमोनियाचं काय होतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. विल्यम अल्फर्ड लॉइड यांनी व्यावहारिक तोड काढली. दिसणाऱ्या टाक्यांच्या खाली पाण्याचा अंधारा साठा ठेवायचा आणि पंपाने पाणी अखंड फिरवत राहायचं. 1871 मध्ये उघडलेल्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयात हीच रचना होती. आज कपाटात दडलेला सम्प, म्हणजे मुख्य टाकीखालची दुसरी टाकी, हा तिचाच वंशज. सम्पचं मुख्य काम अजूनही तेच, पाण्याचा एकूण साठा वाढवणं. उपकरणं लपवायला जागा मिळते, हा वरचा लाभ.

अमोनियाचं कोडं प्रयोगशाळेत 1890 च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की यांनी सोडवलं : एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. मात्र छंदापर्यंत ही गोष्ट पोचायला आणखी कित्येक दशकं गेली. ‘महिनाभर थांबा’ या सल्ल्याचा उगम इथे आहे. रिकाम्या टाकीत अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया 2 पीपीएमपर्यंत (दशलक्ष भागांत दोन) न्यायचा. आधी अमोनिया उतरतो, नायट्राइट चढतो, मग तोही उतरतो. साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. घातलेले 2 पीपीएम चोवीस तासांत शून्यावर आले की पहिला मासा आणायला हरकत नाही. नायट्राइट अजून उतरला नसेल तर खाऱ्या पाण्यात त्याची फार धास्ती नको. तिथे क्लोराइड इतकं असतं की माशाच्या कल्ल्यांतून नायट्राइट फारसा आत शिरत नाही. गोड्या पाण्याचा अनुभव घेऊन आलेले लोक इथे उगाच घाबरतात. अमोनियाला मात्र घाबरावंच, कारण कोरलच्या टाकीचा पीएच 8 च्या वर असतो आणि जितका पीएच वर, तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त.

तयार समुद्री मीठ 1960 च्या दशकात बाजारात आलं आणि किनाऱ्यापासून दूरच्या घरांतही समुद्र पोचला. प्रमाण सोपं आहे : 35 पीपीटी (हजार भागांत 35) क्षारतेसाठी लिटरमागे 36 ते 38 ग्रॅम, कारण मिठात ओलावा असतो. दोनशे लिटरच्या टाकीला साडेसात किलोच्या आसपास मीठ लागतं. पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. तसं केलं तर तळाशी दाट द्रावण होऊन कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका बसतो आणि विकत घेतलेला चुना बादलीतच राहतो. मीठ उडत नाही, उडून जातं ते फक्त पाणी, आणि नवख्यांची पहिली मोठी चूक इथेच होते. दोनशे लिटरच्या टाकीतून दिवसाला चार लिटर पाणी उडत असेल आणि भर म्हणून कोणी खारं पाणी घालत असेल, तर रोज 140 ग्रॅम क्षार जास्तीचे जातात. दहा दिवसांत 35 ची क्षारता 42 वर. भर नेहमी बिनमिठाच्या आरओ-डीआय पाण्याची. नळाचं पाणी घातलं तर फॉस्फेट, सिलिकेट आणि कधी तांबंही सोबत येतं. टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारं) शून्य दाखवत नसेल तर डीआयची, क्षार शोषणारी रेझिन बदलायची वेळ झाली.

1960-70 ची दशकं निर्जंतुक टाकीची होती. तळाला सच्छिद्र पाट, त्यावर पाच-सात सेंटिमीटर खडी, आणि सजावटीला मेलेल्या कोरलचे पांढरे सांगाडे. ते हिरवे झाले की ब्लीचमध्ये बुडवून पुन्हा पांढरे करायचे. माशांवर पांढरे ठिपके दिसले की टाकीतच तांब्याचं औषध. मासे जगायचे, पण कोरल आणि कोळंबीला तांबं म्हणजे विष, आणि चुनखडीचे दगड ते शोषून घेतात. म्हणून जुनी टाकी किंवा जुने दगड फुकट मिळत असले तरी आधी तांब्याची चाचणी करावी, आणि आजारी माशाचा इलाज वेगळ्या, वाळू-दगड नसलेल्या टाकीत.

याच काळात जाकार्तात ली चिन एंग अगदी उलट वाटेने चालले होते. समुद्रातून आणलेले ‘जिवंत दगड’ (म्हणजेच लाइव्ह रॉक), समुद्राचंच पाणी, ऊन आणि हवेचे थोडे मोठे बुडबुडे. बाकी काही नाही. 1961 मध्ये त्यांनी ही पद्धत अमेरिकी मासिकात मांडली. दगडाच्या बाहेरच्या थरात ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू, आत ऑक्सिजन नसलेल्या भागात नायट्रेटचा वायू करून टाकणारे जिवाणू. दगड हाच फिल्टर. पण दूरच्या देशांत तो दगड ओल्या कागदात अनेक दिवस प्रवास करून पोचायचा, वाटेत त्यावरचे स्पंज मरायचे, आणि थेट टाकीत टाकला की अमोनिया आकाशाला भिडायचा. आणलेला दगड आधी वेगळ्या पिंपात, अंधारात, जोरदार प्रवाहात कुजकट वास जाईपर्यंत ठेवायचा, हा ‘क्युअरिंग’चा नियम त्यातून आला.

दुसऱ्या, म्हणजे चुन्याच्या प्रश्नाचं उत्तर जर्मन छांदिष्टांनी दिलं. स्किमर तिथे आधीच रुळू लागला होता. बारीक बुडबुड्यांना सेंद्रिय घाण चिकटते आणि तपकिरी फेस होऊन कपात जमा होते. ती अमोनिया होण्यापूर्वीच बाहेर. नवा स्किमर पहिले काही दिवस फेस धरत नाही किंवा भसाभसा ओततो, त्याला घाईने परत करू नये. पीटर विल्केन्स यांनी 1970 च्या दशकात ‘कॅल्कवासर’ रूढ केलं, म्हणजे शब्दशः चुन्याचं पाणी, आपल्या भाषेत चुन्याची निवळी. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, लिटरला दीड ते दोन ग्रॅम. ढवळून झाकून ठेवायचं, गढूळ खाली बसलं की वरचं स्वच्छ पाणी थेंबाथेंबाने सोडायचं. उघडं ठेवलं तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वर पापुद्रा धरतो, म्हणजे चुना वाया. कोरल ज्या प्रमाणात कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातले कार्बोनेट क्षार, माप डीकेएच) वापरतं, त्याच प्रमाणात निवळी दोन्ही परत देते, ही तिची खुबी. चार लिटर पूर्ण निवळी दोनशे लिटरच्या टाकीत अल्कलिनिटी सव्वादोन डीकेएचने आणि कॅल्शियम सोळा पीपीएमने वाढवते. नव्या टाकीला एवढी गरज नसते. आधी चोवीस तासांत अल्कलिनिटी किती उतरते ते मोजायचं, मग मात्रा ठरवायची. निवळीचा पीएच 12 च्या वर असतो. पाण्याची पातळी राखणारा फ्लोट अडकून सगळी एकदम पडली की पाणी दुधासारखं होतं आणि सकाळपर्यंत कोरलचं मांस सांगाड्यावरून सुटतं. रात्री थेंब-थेंब सोडण्यामागे आणखी एक हिशेब आहे : टाकीचा पीएच रात्री उतरतो, तेवढा तोल निवळी सांभाळते. लक्ष्य म्हणून कॅल्शियम 420, मॅग्नेशियम 1300 पीपीएम आणि अल्कलिनिटी 7 ते 9 डीकेएच पुरे. आकडा कोणता यापेक्षा तो रोज बदलत नाही, हे महत्त्वाचं.

लाइव्ह रॉक, स्किमर, निवळी आणि प्रखर दिवा ही चौकडी ‘बर्लिन पद्धत’ म्हणून ओळखली गेली. बर्लिनच्या डीट्रिश श्टुबर यांच्या टाकीतल्या फांदीदार कठीण कोरलाचे, म्हणजे अ‍ॅक्रोपोराचे तुकडे हातोहात इतके पसरले की त्या कोरलला त्यांचंच नाव पडलं. अमेरिकेत मात्र 1986 मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने ‘मिनी रीफ’ची लाट आणली, ती ठिबक फिल्टर आणि जिवाणू वाढवण्यासाठीच्या प्लास्टिकच्या बायोबॉलसह. बायोबॉल अमोनिया झपाट्याने खायचे, पण सगळ्याचं नायट्रेट करून पाण्यात सोडायचे. पुढच्या दशकात लोकांनी ते मूठ-मूठ करून काढून टाकले आणि त्या डब्यांत स्किमर बसवले.

दिव्यांचा प्रवास मेटल हॅलाइड, टी-फाइव्ह आणि मग एलईडी असा झाला. एलईडीची निळी झाक डोळ्यांना मंद वाटते आणि लोक ती पूर्ण जोरावर चालवतात. आठवड्यात कोरल पांढरं. मऊ कोरलांना 50 ते 150 पार (कोरलला उपयोगी प्रकाशाचं माप) पुरतो, अ‍ॅक्रोपोराला 200 ते 350, आणि तिथवर तीन-चार आठवड्यांत चढायचं.

वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात कठीण कोरलांच्या काही प्रजाती 1985 मध्ये आल्या, 1990 मध्ये सगळ्याच. समुद्रातून काढलेला दगड महाग आणि दुर्मीळ झाला, आणि सुक्या दगडावर टाकी लावण्याची रीत पडली. त्यात नको असलेले किडे येत नाहीत, हे खरं. पण जिवाणू आणि बाकी वस्तीही येत नाही. अशा टाकीत नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर गेले की तपकिरी, बुडबुडे अडकलेली, शेंबडासारखी डायनोफ्लॅजेलेट्स (एकपेशीय सूक्ष्मजीव) वाळू व्यापतात आणि पाणी बदलेल तितकी फोफावतात. तिथे सफाई वाढवायची नसते. माशांना थोडं जास्त खायला घालून नायट्रेट 5 आणि फॉस्फेट 0.05 पीपीएमच्या आसपास आणायचं, आणि एखाद्या जुन्या, निरोगी टाकीच्या सम्पमधला मूठभर दगडाचा चुरा मागून आणायचा.