कार्बोरेटरखालचा स्पेसर: एक शब्द, चार वस्तू

मुंबईत पाव मैलाच्या सरळ शर्यतीसाठी, म्हणजे ड्रॅगसाठी, गाडी बनवणाऱ्यांत एक वाद वर्षानुवर्षे चालू आहे. कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) आणि मॅनिफोल्ड (ते मिश्रण सिलिंडरांकडे नेणारा भाग) यांच्यामध्ये इंचभर जाडीचा ठोकळा बसवला तर गाडी जास्त पळते का? एक जण सांगतो, टॉप, म्हणजे वरचा वेग, वाढला. दुसरा सांगतो, टॉप गेला पण पिकअप सुधारला. दोघांनी आपापल्या गाडीवर खरोखर तेच पाहिलेले असते. वाद मिटत नाही, कारण दोघांच्या हातातली वस्तू एक नसते. नाव मात्र एकच असते, स्पेसर.

मूळ वस्तू उष्णता अडवण्यासाठी आली. थंड देशांत कार्बोरेटरमध्ये बर्फ धरू नये आणि पेट्रोलची नीट वाफ व्हावी म्हणून जुन्या अमेरिकन व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरांच्या, इंजिनांत जळलेला गरम वायू मुद्दाम इनटेक मॅनिफोल्डच्या पोटातून फिरवत. हिवाळ्यात हे सोयीचे होते, पण उन्हाळ्यात आणि शर्यतीत त्याचा त्रास होई. फ्लोट बाऊल या कार्बोरेटरच्या छोट्या पेट्रोलकुंडीतले पेट्रोल उकळे, गरम हवा विरळ होई. त्यावर उपाय म्हणून उष्णता न वाहणाऱ्या पदार्थाचा जाड थर मध्ये घातला जाऊ लागला. १९०७ मध्ये शोध लागलेले बेकलाइट आणि त्याच्या जातीचे फिनॉलिक पदार्थ त्याला योग्य होते. पुढे थरांच्या लाकडाचेही स्पेसर निघाले.

१९५७ मध्ये हॉली ४१५० हा चार तोंडांचा कार्बोरेटर आला आणि ड्रॅगवाल्यांमध्ये रुळला. तेव्हा स्पेसरचा दुसरा गुण पुढे आला. या इंजिनांत कार्बोरेटर एका सामाईक पेटीवर, म्हणजे प्लेनमवर बसतो आणि तिथून प्रत्येक सिलिंडरकडे वेगळी नळी जाते. खाली झेपावलेली हवा प्लेनमच्या तळाशी येऊन एकदम आडवी वळते. कार्बोरेटर इंच-दोन इंच वर उचलला की वळायला जागा मिळते आणि प्लेनमही मोठा होतो. आतून मोकळा, एकच मोठे भोक असलेला स्पेसर वरच्या आरपीएमला मदत करतो, पण प्लेनम मोठा झाल्याने कार्बोरेटरला पोचणारी खेच, म्हणजे पेट्रोल वर ओढणारी हवेची ओढ, मंदावते आणि खालच्या आरपीएमला इंजिन अडखळू शकते. चार भोकांचा स्पेसर हवेचे चार झोत वेगळे ठेवून ही खेच बरीचशी टिकवतो. नीट बसलेल्या इंजिनात फरक टक्का-दोन टक्क्यांचा पडतो, कधी शून्य, कधी उलटा. ज्या मॅनिफोल्डचा प्लेनम मुळातच उंच आहे, त्याला स्पेसरची गरज कमी.

मुंबईला ही वस्तू आधी उष्णतारोधक म्हणूनच भेटली. पद्मिनी टॅक्सीच्या फ्युएल पंपावर ओले फडके टाकून बॉनेट उघडे ठेवलेला चालक खंडाळ्याच्या घाटात अनेकांनी पाहिला आहे. पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडण्याचा त्रास या शहराला पुस्तकातून शिकावा लागला नाही. कार्बोरेटरखालच्या बेकलाइटच्या त्या काळ्या तुकड्याला मिस्त्री ‘पॅकिंग’ म्हणत. त्याने ताकद वाढते असे कुणाच्या डोक्यातही नव्हते. तो तडकला की इंजिन एअर घ्यायचे आणि आयडलिंग बसायचे नाही, एवढाच त्याचा संबंध.

चित्र बदलले ते यामाहा आरएक्स १०० मुळे. १९८५ मध्ये आलेली ही ९८ सीसी, ११ बीएचपीची टू-स्ट्रोक गाडी १९९६ पर्यंत बनली आणि तिने शहराला पाव मैलाची चटक लावली. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यांवर पैजा लागू लागल्या. त्यात माणसे जखमी झाली, काही गेलीही, आणि त्या प्रकाराचे कौतुक करण्यासारखे काही नाही. पण गॅरेजमधले ज्ञान त्याच काळात वाढले हेही खरे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर लेथवाल्याकडे अॅल्युमिनियमचा तुकडा घेऊन गेले की हवा तसा ठोकळा तासून मिळे. अमेरिकन मासिकांतला ‘स्पेसर’ हा शब्द बहुधा याच काळात आपल्या गॅरेजांत रुळला आणि इथेच घोळ झाला.

आरएक्सवर ‘स्पेसर टाकला’ म्हणणाऱ्याने चारपैकी काहीही केलेले असू शकते. पहिला प्रकार कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला उष्णतारोधक तुकडा जाड करण्याचा. दुसरा, त्याच जागी धातूचा ठोकळा घालून कार्बोरेटर मागे सरकवण्याचा. तिसरा, रीड वॉल्व्हचा (मिश्रण फक्त आत जाऊ देणाऱ्या पात्यांच्या झडपेचा) ब्लॉक सिलिंडरपासून लांब नेण्याचा. चौथ्याचा तर कार्बोरेटरशी संबंधच नाही. तो सिलिंडरच्या बुडाशी जातो. तिथे जाड पॅकिंग घातले की सगळे पोर्ट, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली वायूची दारे, वर उचलले जातात, एक्झॉस्ट लवकर उघडते आणि गाडीची ताकद वरच्या आरपीएमकडे सरकते. कॉम्प्रेशन पडते म्हणून मग हेड घासून घ्यावे लागते. ‘स्पेसरने टॉप वाढला’ ही आरएक्सवाल्यांची गोष्ट अनेकदा या चौथ्या प्रकाराची असते. ऐकणारा मात्र कार्बोरेटरखाली ठोकळा घालून मोकळा होतो.

तिथे त्याला नेमका उलटा अनुभव येतो. मोटारसायकलच्या एका सिलिंडरला एक कार्बोरेटर असतो, मध्ये प्लेनम नसतो. त्यामुळे स्पेसरने पेटी मोठी होत नाही, नळी लांब होते. नळीतल्या हवेच्या लाटा ज्या आरपीएमला सिलिंडर भरायला मदत करतात, तो आकडा नळीच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असतो. तोंडापासून आतपर्यंत २५० मिलिमीटरचा मार्ग २५ मिलिमीटरने वाढवला, तर ९००० आरपीएमला मिळणारी मदत साधारण ८२०० ला येते. हे ज्ञान नवे नाही. १९६० च्या क्रायस्लर ३००एफला ३० इंची इनटेक नळ्या होत्या त्या मधल्या आरपीएमच्या टॉर्कसाठी, आणि वेगवान आवृत्तीसाठी त्यांची परिणामकारक लांबी निम्मी केली होती. म्हणजे व्ही-८ वर टॉप देणारा मोकळा स्पेसर पल्सरसारख्या एकसिलिंडरी गाडीवर टॉप काढून घेतो. नाव एकच असल्याने एका गाडीचा निकाल दुसरीला लावला गेला आणि कितीतरी मुलांनी लेथवाल्याला उगाच पैसे दिले. यात दोष मिस्त्रींचा नव्हता. ‘टॉप’ आणि ‘पिकअप’ हे दोन शब्द ते काटेकोर वापरत होते, गोंधळ घातला तो आयात शब्दाने.

पुढे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अधिकृत ड्रॅग शर्यती सुरू झाल्या. हेल्मेट, वजन, वेळेची पावती, सगळे आले. पावतीवर दोन आकडे असतात, लागलेला वेळ आणि शेवटाचा वेग. ताकद वाढली का हे प्रामुख्याने दुसरा आकडा सांगतो, कारण पहिल्यात क्लच, टायर आणि चालकाची सुरुवात मिसळलेली असते. पाव मैलाचा वेळ साधारण ताकदीच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणजे १४ सेकंदांच्या गाडीला एक टक्का जास्त ताकद मिळाली तर वाचतात जेमतेम पाच शतांश सेकंद. क्लच सोडताना हात जरा चुकला तर याहून जास्त जातात.

घाटाचाही हिशोब बहुतेकांनी धरला नव्हता. मुंबईत समुद्रसपाटीला जेट (पेट्रोलचे प्रमाण ठरवणारी बारीक भोके) बसवलेली गाडी सहाशे मीटरच्या वर नेली की हवा पाच-सहा टक्क्यांनी विरळ होते आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण जास्त होते. गाडी जड चालते, धूर टाकते. स्पेसर घातल्यावर कार्बोरेटरची खेच बदलते, म्हणून जेट पुन्हा बसवावेच लागतात. बऱ्याच जणांनी घाटावर स्पेसर आणि जेट एकाच दिवशी बदलले आणि श्रेय स्पेसरला दिले. माझ्या मते मुंबईत गाजलेल्या स्पेसरच्या यशोगाथांपैकी निम्म्या तरी जेटच्या आहेत.

उष्णतेचा मुद्दा मात्र खरा आहे आणि त्याची सर्वात कमी चर्चा झाली. धावण्याच्या दहा-पंधरा सेकंदांत हवा मॅनिफोल्डमधून इतक्या वेगाने जाते की तिला तापायला फारसा वेळच मिळत नाही. पण रांगेत अर्धा तास उभ्या असलेल्या गरम इंजिनावरचा कार्बोरेटर तापतो, बाऊलमधले पेट्रोल उकळायला लागते आणि सुरुवात बिघडते. अमेरिकेत रांगेतल्या गाड्यांच्या मॅनिफोल्डवर बर्फाच्या पिशव्या ठेवतात ते याचसाठी. पातळ फिनॉलिक तुकडा हेच काम शांतपणे करतो. अॅल्युमिनियमचा चकचकीत ठोकळा ते करत नाही, तो उष्णता वर पोचवतो.

अमेरिकेतल्या व्यावसायिक ड्रॅगच्या, कारखान्याच्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या वरच्या वर्गाने २०१६ मध्ये कार्बोरेटर सोडून इंजेक्शन घेतले. आपल्याकडे एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींतून कार्बोरेटर गेला. आता थ्रॉटल बॉडीखाली, म्हणजे इंजेक्शनच्या गाडीत हवा सोडणाऱ्या भागाखाली, बसवायचे स्पेसर विकले जातात. तिथे इंधन हवेच्या खेचेने ओढले जात नाही, इंजेक्टर मोजून सोडतो, त्यामुळे वादातला खेचेचा भाग संपला. प्लेनमचे आकारमान आणि नळीची लांबी उरली. ज्यांच्याकडे अजून आरएक्स आहे, त्यांच्यासाठी चारही प्रकार तसेच आहेत, आणि लेथवाल्याला आकृती देताना ठोकळा कुठे बसणार आहे हे त्यांनी आधी सांगावे.